पंगतीतला अर्धा लाडू

जळगाव,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेमा,

परवा फोनवर तू चारदा “काय? काय?” केलंस आणि मी चारदा तेच सांगितलं, तेव्हाच ठरवलं की आपलं पत्रच बरं. सिस्टर ऑगस्टा दर शुक्रवारी शेवटच्या तासाला पत्र लिहायला बसवायच्या, आठवतं? पुढच्या पानावर इंग्रजीत ‘आय ॲम वेल’, आणि घरचं खरं काय ते मागच्या पानावर पेन्सिलीने, मराठीत. भुसावळचं कॉन्व्हेंट सुटून इतकी वर्षं झाली, पण मला अजून मागच्याच पानावर लिहिता येतं.

तर घरचं खरं असं, की तहरीमचं पाड्यांवरचं काम संपलं. तुला थोडं सांगितलं होतं मी. सातपुड्याच्या पायथ्याशी तीन वर्षं ती गरोदर बायांना नागली, तीळ, मोहाची फुलं आणि गुळाचे लाडू देऊन त्यांचं रक्त वाढतं का ते बघत होती. प्रत्येक पाड्यावर चिठ्ठ्या टाकून निम्म्या बाया निवडल्या, त्यांना रोज लाडू. उरलेल्या निम्म्यांना लाडू नाही. लोहाच्या गोळ्या सगळ्यांनाच. शेवटी दोन्हीकडचं रक्त तपासायचं. निघालं काय, तर फरक नाही. दोन्हीकडे थोडं वाढलं आणि सारखंच वाढलं. म्हणजे वाढलं ते गोळ्यांनी, लाडवाने काही होत नाही, असं ती अहवालात लिहिते आहे. तिचे पुण्याचे सर म्हणाले, ‘फरक नाही’ हेही उत्तरच असतं, पीएचडी अडणार नाही. तुमच्या धुळ्याचा जो न्यास लाडू पुरवतो, तो मात्र पुढच्या वर्षापासून ते बंद करणार. तहरीमला त्याचं वाईट वाटतं. पण पोरगी तीन वर्षांनी पहिल्यांदा नीट झोपली, हे मी आई म्हणून लिहिते.

मागच्या रविवारी पाड्यावर निरोपाचं जेवण होतं, मीही गेले. तिथे न्यासाची लाडू वाटणारी बाई आहे, दगडीबाई. माझ्याच वयाची, आवाज खणखणीत. तहरीम आत बायांशी बोलत होती आणि आम्ही दोघी बाहेर लसूण सोलत बसलो होतो. तेव्हा ती हसत म्हणाली, “तुमनी पोरनी सांगेल व्हतं, या बाईले लाडू, त्या बाईले नही. मी हा म्हनू. पन बठ्ठ्या बाया मन्हा आंगनमा एकच पंगतमा बठेत. एक खाई नि शेजारनी देखत ऱ्हाई? पोटमा पोर शे ना दोन्हीसना. मी लाडू फोडू, अर्धा हाईले, अर्धा तीले.”

एकीने खायचं आणि शेजारणीने बघत बसायचं, हे तिला जमलंच नाही. मला इतकं बरं वाटलं ऐकून. जग अजून अगदीच गेलेलं नाही. तहरीमला सांगितलं नाही अजून, ती शिस्तीची आहे, उगाच त्या बाईला बोलायची.

तब्येतीचं लिही.

तुझी,
कहकशा



देवपूर, धुळे,
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय कहू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, कान तर तुला ठाऊकच आहे. कॉलेजातलं शिकवणं सुटून पाच वर्षं झाली तरी सकाळी तत्त्वज्ञानाचं काहीतरी वाचल्याशिवाय चहा उतरत नाही.

दगडीबाईची गोष्ट मनातून जात नाही. ती असं रोजच करायची का, की एखाद्या दिवशी? आणि तिच्याच पाड्यावर, की बाकीच्या पाड्यांवरही? आठवत असेल तेवढं लिही.

हल्ली जे वाचते आहे ते प्रयोगांबद्दलच आहे. ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि शिकलेली माणसंसुद्धा पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी घसरतात ते त्यांना कळत नाही, असं त्यात आहे. मी माझ्यासाठी स्वयंपाकघरातलं उदाहरण केलं. दोन पातेल्यांत वरण आहे, मीठ एकातच घातलंय. पण ढवळायला एकच डाव दोन्हींत फिरला, तर चव घेऊन काय कळणार?

तुझी,
हेमा



जळगाव,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेमा,

मी ओळखलं. तू त्या बायकांच्या मासिकासाठी लेख लिहिते आहेस. लिही, लिही. माझं नाव घालू नकोस, पण दगडीबाईचं जरूर घाल, तिला फार आवडेल.

काल तिचा फोन आला होता, तहरीमचा डबा तिच्याकडे राहिला म्हणून. मी खोदून विचारलं. रोजच, पहिल्या दिवसापासून. लाडू समोर बसूनच खाल्ला पाहिजे, घरी न्यायचा नाही, असा तहरीमचा नियम. गोळ्या सगळ्यांना त्याच वेळी. म्हणून सगळ्या एका अंगणात, एका ओळीत. बाकीच्या पाड्यांवरच्या वाटणाऱ्या बायांनाही दगडीबाईनेच शिकवलेलं. मी म्हटलं, “मग लाडू खाल्ला असं कसं सांगायचात?” तर म्हणते, “खादाच ना तीनी. पुरा खादा का, हाई कोनी इचारं?”

हेमा, मी हसून हसून खाटेवर बसले. पुरा खाल्ला का, हे कुणी विचारलं म्हणे. तुझ्या लेखाला हे वाक्य घे. जेवताना अमीनना सांगितलं तर ते म्हणाले, “वकील व्हायला हवी होती.”

तुझं वरणाचं उदाहरण मात्र नीट कळलं नाही. दोन्ही पातेली आपल्याच घरची ना, मग मीठ एकातच का?

तुझी,
कहकशा



देवपूर, धुळे,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय कहू,

लेख नाही लिहीत मी. बसून वाच हे पत्र, आणि अमीनभाई घरात असतील तेव्हा वाच.

लाडू दोन्ही गटांतल्या बायांनी खाल्ला. दोघींनीही अर्धा अर्धा. मग दोघींचं रक्त सारखं वाढलं यात नवल काय? ते गोळ्यांनी वाढलं असेल, अर्ध्या लाडवाने वाढलं असेल, दोन्हींनी मिळून वाढलं असेल. सांगता येत नाही. तहरीमने लाडू खाणारी आणि न खाणारी यांची तुलना केलीच नाही. तिला वाटतंय की तिने केली. ‘लाडवाने काही होत नाही’ हे तिचं वाक्य खोटं असेल असं मी म्हणत नाही, पण त्याच्याखाली जमीन नाही. आणि त्याच वाक्यावर न्यास लाडू बंद करणार आहे.

दुसरी गोष्ट तुला आधीच सांगायला हवी होती, पण तिथलं बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे. त्या न्यासाच्या नीतिसमितीवर मी जूनपासून आहे. माणसांवरच्या प्रत्येक प्रयोगाला अशी समिती लागते, आणि तिच्यात एखादा डॉक्टर नसलेला माणूस लागतो. तहरीमचं नाव पाहिल्याबरोबर मी अध्यक्षांना लिहून दिलं, की मुलीची आई माझी शाळासोबती आहे, या अभ्यासावर मी मत देणार नाही. पण मत न देणं वेगळं आणि कळलेलं दाबून ठेवणं वेगळं.

१२ डिसेंबरला बैठक आहे. तहरीमला तू सांग. तिला स्वतः समितीपुढे सांगू दे. तिने सांगितलं तर ती प्रामाणिक संशोधक ठरेल. मी सांगितलं तर ती पकडली गेली असं होईल. मला ते करायला लावू नकोस.

तुझी,
हेमा



जळगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

हेमलता,

मी मैत्रिणीला पत्र लिहीत होते. समितीला नाही.

“रोजच करायची का, की एखाद्या दिवशी?” हे तू विचारलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. मी हसत हसत एकेक सांगत गेले आणि तू एकेक टिपत गेलीस. दगडीबाईने विश्वासाने मला सांगितलं, मी विश्वासाने तुला. आता तू न्यासाला सांगणार आणि त्या बाईची भाकरी जाणार.

आणि माझी मुलगी? तिची फेलोशिप मार्चला संपते. आज आहे तसा अहवाल गेला तर तिला पदवी आहे, पुण्यात मुलाखत आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे लिहिलं तर तिने काय लिहायचं? की लाडू चांगला? तेही नाही. वाईट? तेही नाही. “माहीत नाही.” दोन शब्द लिहिण्यासाठी माझ्या मुलीने तीन वर्षं उन्हातान्हात त्या पाड्यांवर काढली का? दोन शब्द तर ती घरी बसूनही लिहू शकली असती.

शाळेत आपण डबे बदलून खायचो. तुझी कळण्याची भाकरी मी आणि माझ्या शेवया तू. बरं झालं तेव्हा आपल्यावर कुणी प्रयोग करत नव्हतं. काय निघालं असतं? की कळण्याची भाकरी निरुपयोगी, खाणारीत आणि न खाणारीत काही फरक नाही.

मी तहरीमला सांगणार नाही. तुला जे करायचं ते कर.

कहकशा



देवपूर, धुळे,
२ डिसेंबर २०२४

प्रिय कहू,

आठ दिवस वाट पाहिली. आज पुन्हा लिहिते आहे.

तुझी पत्रं मी कुणाला दाखवलेली नाहीत, दाखवणारही नाही. दगडीबाईचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पण डब्यांबद्दल तू जे रागाने लिहिलंस ना, ते माझ्या चार पानांपेक्षा चांगलं आहे. अगदी हेच झालंय. कळण्याच्या भाकरीवर अन्याय झालाय.

मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले, की पुरावा पुरेसा आहे की नाही हे पुराव्याकडे बघून ठरतं, बाकी कशाकडे बघायचं नाही. अलीकडे या विषयात लिहिणारे म्हणतात, तेवढ्याने भागत नाही. आपण चुकलो तर कोणाचं काय जाईल, हेही बघावं लागतं. जिथे चूक महागात पडेल तिथे जास्त पुरावा मागायचा. मला ते आधी पटत नव्हतं. विज्ञानात असं मन घालायचं नसतं, असं वाटायचं. आता बघ, तहरीमचा अहवाल चुकीचा असला तर तिचं काही जात नाही, पुण्याच्या सरांचं जात नाही, न्यासाचं तर वाचतंच. जातं ते पुढच्या वर्षी दिवस राहतील त्या बायांचं. आणि त्यांना कळणारही नाही, की आपलं काही गेलं.

तुला वाटत असेल, ही बाई आयुष्यभर पुस्तकं वाचून आता माझ्या मुलीवर उगारते आहे. वाटू दे. तहरीम चार वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून विचारायची, “मावशी, पण कशावरून?” प्रत्येक गोष्टीला कशावरून. तू तिच्यापासून हे लपवतेस म्हणजे तिला वाचवतेस, असं तुला खरंच वाटतं का?

१२ तारीख जवळ आली. उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी,
हेमा



जळगाव,
५ डिसेंबर २०२४

प्रिय हेमामावशी,

फोन करणार होते, पण फोनवर तुमचं अर्धं राहून जातं, आणि यातलं काही राहायला नको.

अम्मीने सांगितलं. चार दिवस ती स्वयंपाकात मीठ विसरत होती, अब्बांनी विचारलं तेव्हा रडली. तुमची पत्रं तिने माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, “घे, वाच तुझ्या मावशीचे प्रताप.” मी वाचली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने पाड्यांवर गेले.

आधी मला दगडीबाईंचा राग आला होता, खरं सांगते. वाटेत तो वाढतच गेला. त्यांच्या अंगणात पोचले तेव्हा त्या बायांना ओळीने गोळ्या देत होत्या. मी ओळीकडे बघत उभी राहिले. मावशी, आमच्याकडे एका ताटाभोवती चौघं बसून जेवतात. तिथे कुणी मला सांगितलं असतं, की यातल्या दोघांनाच वाढ, तर मी काय केलं असतं? राग तिथेच उतरला. आणि मग भीती वाटली, कारण आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं.

सगळीकडे विचारलं. एक पाडा सोडून सगळीकडे लाडू फोडून वाटले. तो एक पाडा अगदी वरचा, तिथली घरं लांब लांब टेकड्यांवर. बायांना एका जागी बोलावणं शक्यच नव्हतं, म्हणून लाडू घरोघरी जाऊन दिले. पंगत बसलीच नाही, त्यामुळे लाडू फुटला नाही.

घरी येऊन मी तेवढ्या पाड्याचे आकडे वेगळे काढले. तिथे फरक दिसतो. लाडू खाणाऱ्यांचं रक्त चांगलं वाढलंय.

हे बघून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी लॅपटॉप बंद केला. तुम्ही काय म्हणता?

तुमची,
तहरीम



देवपूर, धुळे,
७ डिसेंबर २०२४

प्रिय तहरीम,

तुझं पत्र वाचून मी उभीच राहिले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या. अगं, मग सगळंच सुटलं की. बाकीचे पाडे बाजूला ठेव, तिथे प्रयोग झालाच नाही असं सरळ लिही. वरच्या पाड्यावर तो झाला, आणि तिथे लाडवाचा उपयोग दिसतो. हेच तुझं उत्तर. लाडू वाचतील, तुझी पदवी वाचेल, तुझी अम्मी माझ्याशी बोलेल.

हे पत्र आजच टाकते. वेळ घालवू नकोस, तसा अहवाल लिहून काढ.

तुझी मावशी



जळगाव,
१० डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मीही तोच अहवाल अर्धा लिहिला होता. पुसला.

मला एकच सांगा. वरच्या पाड्यावर फरक दिसला नसता, तर तुम्ही मला तो वेगळा काढायला सांगितलं असतं का? मी काढला असता का? आपण आकडे आधी बघितले आणि मग ठरवलं, की हाच पाडा खरा. पाच पातेल्यांतलं जे गोड लागलं त्यालाच साखर घातली होती, असं म्हणायचं.

शिवाय तिथे बाया मोजक्याच आहेत. आणि त्या टेकड्यांमधून नाला जातो, त्याच्या जवळच्या घरांत मासे खातात. लाडू मिळालेल्यांत योगायोगाने नाल्याजवळच्याच घरांतल्या जास्त असल्या तर? फरक लाडवाचा की माशांचा? मला माहीत नाही. तुम्हीच अम्मीला लिहिलं होतंत, की वाक्याखाली जमीन पाहिजे.

तो पाडा मी लपवणार नाही. अहवालात घालेन, पण आकडे बघितल्यानंतर वेगळा काढला आहे, यावरून काही ठरवू नये, असं त्याच्याच खाली लिहीन. शेवटचं वाक्य हे: ‘लाडवाचा उपयोग होतो की नाही, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही.’

चूक कुणाची, तर माझी. बायांना एका अंगणात एका ओळीत बसवायचं आणि निम्म्यांच्याच हातावर लाडू ठेवायचा, ही आखणी माझी होती. याला इकडे पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो पाप मानतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पुस्तकातून प्रयोग उचलला तेव्हा ते ध्यानातच आलं नाही. वाटणाऱ्या बायांपैकी कुणाचंही नाव मी लिहिणार नाही.

तुमच्यावर रागावलेली नाही. तुम्ही घाई केलीत ती आमच्यासाठी केलीत. पण परवा बैठकीत कृपा करून त्या पाड्याचं बोलू नका.

तहरीम



देवपूर, धुळे,
१३ डिसेंबर २०२४

प्रिय कहू,

काल बैठक झाली. तुला तहरीमने सांगितलंच असेल, पण ती स्वतःबद्दल कमी सांगते, म्हणून लिहिते.

अध्यक्ष गिरधर सरांनी तिला मुद्दाम उभं ठेवलं नाही, पण बसायलाही सांगायचं विसरले. तिने अहवाल वाचला. मग एक जण म्हणाले, “म्हणजे तीन वर्षं वाया.” ती म्हणाली, “हो सर, माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने वाया.” असं उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं.

गिरधर सर माझ्याकडे वळले. “मॅडम, लाडू वाटून खाल्ले हे तुम्हालाही आधी कळलं होतं, असं तुम्ही सकाळी म्हणालात. कोणाकडून?” मी म्हटलं, “मैत्रिणीकडून. त्याहून जास्त सांगणार नाही.” मग तहरीमला, “ती वाटणारी बाई कोण? नाव सांगा, तिला बदलू.” तुझ्या मुलीने अगदी हळू सांगितलं, मला ओठांवरून कळलं, “सर, बाई बदलली तरी पंगत तीच राहील.”

कोणीतरी हसून विचारलं, मग खानदेशात प्रयोग करायचेच नाहीत का. तिने त्याचंही उत्तर आणलं होतं. एका पाड्यात दोन तऱ्हा करायच्याच नाहीत. अख्ख्या पाड्याला लाडू द्यायचा, पण पाडे एकामागून एक घ्यायचे, आधी कोणता आणि नंतर कोणता हे चिठ्ठी टाकून. ज्यांची पाळी यायची आहे त्यांच्याशी तुलना करायची. शेवटी सगळ्यांनाच मिळतो. “पहिली पंगत, दुसरी पंगत,” ती म्हणाली. “दुसऱ्या पंगतीचा माणूस थोडा रुसतो. पण त्याला कोणी पाप म्हणत नाही.”

त्यानंतर मला बाहेर बसवलं, मत द्यायचं नव्हतं म्हणून. निर्णय असा झाला, की लाडू लगेच बंद करायचे नाहीत. न्यास अशा पाळीने पुन्हा बघणार. पण तहरीमची फेलोशिप वाढवायला त्यांच्याकडे काही नाही. पुढचं काम दुसरं कोणीतरी करेल. पुण्याच्या सरांनी फोनवर सांगितलं, की एवढ्यावर प्रबंध घेता येणार नाही. आणखी वर्ष लागेल, तेही स्वतःच्या जिवावर.

बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे पाणी मागितलं, प्यायली. चहाला थांबली नाही.

मी तिला ज्याची घाई केली होती ते पत्र तू वाचलंच असशील. मी शिकवलं ते तिला कळलं होतं, मलाच ऐन वेळी आठवलं नाही. लाडू वाचावेत असं मला इतकं वाटत होतं, की जे दिसलं ते मी लगेच खरं मानलं.

तू लिहिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन.

तुझी,
हेमा



जळगाव,
१९ जानेवारी २०२५

प्रिय हेमा,

तुझी तीन पत्रं आली. संक्रांतीचा तिळगूळही आला, सगळा फुटलेला. अमीननी खाल्ला. मी नाही.

तहरीम आता पारोळ्याला आहे, ज्युनिअर कॉलेजात तासावर शिकवते. शनिवारी न्यासाच्या गाडीने पाड्यांवर जाते, बिनपगारी, नव्या मुलीला वाट दाखवायला. मी विचारलं, “तुझं काम दुसरीला देताना जिवावर येत नाही?” म्हणाली, “येतं.” आणि भाजी निवडायला बसली.

पुतण्या फैजचं लग्न होतं सावद्याला. सगळ्या जणी मला एकच विचारत होत्या, तहरीम डॉक्टर झाली का, लाडवाचं काय निघालं. मी आधी पाणी आणायला उठले, मग पान लावायला उठले. शेवटी माझी नणंद समोरच बसली, “भाभी, तीन वर्षांत काय निघालं ते तरी सांगा.” मी म्हटलं, “अजून माहीत नाही.” अमीन पलीकडून म्हणाले, “एवढं तर आम्ही न शिकताच सांगतो.” सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, “तुम्ही बसल्या जागेवरून सांगता. ती जाऊन, बघून सांगते.” नंतर मलाच नवल वाटलं, की हे मी बोलले. नोव्हेंबरात मी तुला उलटं लिहिलं होतं.

पण हे त्यासाठी लिहीत नाही. काल तहरीम पाड्यावरून आली. चिठ्ठ्या निघाल्या. दगडीबाईचा पाडा दुसऱ्या पंगतीत गेला, त्यांना लाडू पावसाळा संपल्यावर. तहरीमने तिला नीट समजावलं, पाळीपाळीने आहे, कोणी उपाशी राहणार नाही. दगडीबाईने ऐकून घेतलं, आणि अंगणात बसलेल्या बायांकडे बोट केलं. “लगीनमा दुसरी पंगत व्हस, भूक थांबस. हाई पोट थांबस का?”

त्या आत्ता पोटुशा आहेत, हेमा. पावसाळा संपेल तेव्हा त्या बाळंत झालेल्या असतील. त्यांच्यासाठी दुसरी पंगत नाहीच. तहरीम म्हणते, आज सगळ्यांना लाडू दिला तर तो कामाचा आहे का ते कधीच कळणार नाही, आणि न कळता न्यास तो केव्हाही बंद करेल. हे खरं. पण ते त्या बायांच्या समोर उभं राहून म्हणता येत नाही, असं ती म्हणाली. हेही खरं. दोन्ही खरं असताना माणसाने काय करायचं, हे तुझ्या पुस्तकांत कुठे आहे का? असलं तर काढून ठेव. नसलं तर तसं सांग, मला ते आता चालतं.

मी रविवारी येते आहे, सकाळच्या बसने. तहरीम पारोळ्याला त्याच गाडीत चढेल. माझा राग गेलेला नाही. तो लिहून पाहिला, दोनदा फाडला. तू मला विचारत राहिलीस आणि मी हसत राहिले, ते मी विसरलेले नाही. पण दगडीबाईला तहरीम त्यानंतरच्या शनिवारी भेटणार आहे, आणि तिला काही एक सांगावं लागणार आहे. ते आधी तिघी बसून ठरवू. मग आपण दोघी भांडू. भरीत कर, आणि माझ्यासाठी म्हणून तिखट कमी करू नकोस.

कहकशा